प्रति: क्लेरिकच्या हीलिंगचे आकडे कमी करा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका वठवायचा खेळ) मध्ये क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा भरणारं पात्र, त्याच्या हीलिंगचे आकडे कमी करा असं तुम्ही म्हणता, पण आकडे कमी करून काही होत नाही हो, हे मी मनापासून सांगतोय. डी अँड डीच्या २०१४ च्या नियमात हीलिंग वर्ड हा जखमा भरायचा मंत्र म्हणजे जेमतेम चार बाजूंचा एक फासा अधिक मॉडिफायर (पात्राच्या क्षमतेचा आकडा), पण तो ६० फुटांवरून आणि बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवाय मिळणाऱ्या जादा छोट्या कृतीत), आणि जिवाचे पॉइंट संपून शून्यावर पडलेल्याला एक पॉइंट मिळाला तरी तो उठून पूर्ण ताकदीने हल्ला करतो, मग फासा लहान केलात तरी फरक काय? आम्ही फोंड्याला खेळतो तिथे पहिल्यांदा एवढंच केलं, शून्यावरून उठलेल्याला थकव्याची एक पायरी, म्हणजे तो तेवढा कमजोर होतो. लगेच सगळे पडायच्या आधी सावध व्हायला लागले.

दुसरं म्हणजे कौल, देवळात देवाला लावतात तसा. मोठा चमत्कार हवा तर खेळाडूने गाऱ्हाणं तोंडाने घालायचं आणि फासा टाकायचा, सम आला तर उजवा म्हणजे होकार, विषम आला तर डावा म्हणजे नकार (देवळासारख्या पाकळ्या लावणं आम्हालाच बरं वाटेना, म्हणून फासा). डाव्याला स्लॉट (मंत्र वापरायची मोजकी संधी) जात नाही, पण देव नवस मागतो आणि तो फेडेपर्यंत तोच चमत्कार परत मागता येत नाही. गेल्या पावसात आमच्या क्लेरिकने मेलेल्या सोबत्यासाठी "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली तेव्हा टेबलावरचे चहाचे कप तसेच राहिले, कोणी हललं नाही. कौल डावा पडला. नवस होता नदीपलीकडचं पडकं देऊळ उभं करायचा, पुढचे चार रविवार आम्ही तेच खेळलो.