प्रतिसाद: बोअरमागं बोअर

"मराठवाड्याचा दुष्काळ पावसानं आणलाय, आपण काय करणार?" हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पाऊस दगा देतो, खरंय. पण पुढचं आपणच वाढवतो.

विहीर आटली की शेजारचा शेतकरी बोअर घेतो. त्याला पाणी लागलं की आपली पातळी आणखी खाली, मग आपण त्याच्याहून खोल जातो. खाली काळा पाषाण, भेगा असतील तेवढंच पाणी. मशीन रात्रभर धुरळा उडवून निघून जाते, कर्ज तेवढं राहतं. ते फेडायला हुकमी पैसा हवा, म्हणजे ऊस. कारखाना उचलतो, एफआरपी म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान भाव ठरलेला. ऊस वर्षभर पाणी पितो, की पुन्हा बोअर! २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते काही एका उन्हाळ्याचं पाप नव्हतं.

हेच चाक उलटंही फिरतं. जालना जिल्ह्यातलं कडवंची बघा. पाणलोटाची कामं झाली, पाणी मुरलं, द्राक्षं आली, त्या पैशातून शेततळी अन् ठिबक. मात्र शेततळं पावसाऐवजी बोअरनं भरायला लागलं, की तिथंही गाडी पहिल्याच रुळावर.