विधान परिषद हवीच कशाला?

कडेगावकर:
आपल्या सांगली-सातारा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची विधान परिषदेची जागा डिसेंबर २०२२ मध्ये रिकामी झाली. तेव्हा झेडपी, नगरपालिकांच्या निवडणुका रखडलेल्या, सगळीकडं प्रशासक होते. मत द्यायला सदस्यच नव्हते, मग आमदार कुठला? दोन जिल्ह्यांत कुणाचं काही अडलं का? राज्यपालनियुक्त १२ जागा २०२० मध्ये रिकाम्या झाल्या, त्यातल्या ७ भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. तमिळनाडूनं १९८६ मध्येच परिषद मोडली. आपणही मोडावी.

विसापूरची लेक:
दादा, आमच्या तासगाव तालुक्यातलेच वि. स. पागे. १९६० ते १९७८, अठरा वर्षं परिषदेचे सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २००५ मध्ये देशानं तोच धागा उचलला. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, म्हणून घरात चूल पेटायची. असा माणूस आज विधानसभेला उभा राहिला तर निवडून येईल? मला नाही वाटत. अशांसाठी एक दार उघडं असावं.

कडेगावकर:
ताई, पागेसाहेबांबद्दल दुमत नाही. पण आज त्या दारातून कोण जातं? विधानसभेला पडलेले आणि तिकीट न मिळाल्यानं रुसलेले. ७८ पैकी ३० जागा तर आमदारच भरतात. आणि परिषदेनं विधेयक रोखलं तरी आधी तीन महिने, मग विधानसभेनं ते पुन्हा मंजूर केलं की एक महिना. अर्थविधेयक फक्त चौदा दिवस.

माणदेशी मास्तर:
घाईत केलेला कायदा चार महिने थांबला तर बिघडत नाही. माझा राग मतदार ठरवण्याच्या पद्धतीवर आहे. मी पदवीधर, वर शिक्षक, म्हणून परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मला दोन जादा मतं. शेजारचा द्राक्षबागायतदार दहावी झालेला, शेकडो मजुरांना काम देतो, त्याला एकही नाही. हे कुठल्या न्यायात बसतं? स्थानिक संस्थांच्या २२ जागांत ग्रामपंचायत सदस्याला मतच नाही. जतची हद्द ओलांडली की कर्नाटकात तोच सदस्य परिषदेसाठी मत देतो.

विसापूरची लेक:
सर, हे पटलं. काही शे मतदार असले की त्यांना सहलीला नेऊन ठेवता येतं. दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या ग्रामपंचायत सदस्यांना कुठल्या रिसॉर्टवर ठेवणार?

कडेगावकर:
मग पैसा आणखी खाली, गावापर्यंत जाईल ताई. आमच्या गावात सरपंचपदाला काय होतं ते मी बघितलंय. माझं मत तेच: मोडा.