मदत हवी आहे: डावीकडे वळणाऱ्या वाहनांपुढे सायकल नेमकी कुठे ठेवावी?

मी पुण्यात रोज सकाळी नऊच्या सुमारास कोथरूडहून कर्वे रस्त्याने सायकलवर डेक्कनकडे जातो. नळ स्टॉपच्या चौकात मला सरळ जायचे असते. परंतु लॉ कॉलेज रस्त्याकडे वळणाऱ्या मोटारी व बसगाड्या मला ओलांडून पुढे येतात आणि लगेच डावीकडे वळतात, त्यामुळे मी वाहन आणि पदपथाच्या कडेमध्ये सापडतो. गेल्या आठवड्यात एका बसचा मागचा भाग जेमतेम हातभर अंतरावरून गेला.

मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवणे, चमकपट्ट्यांचे जाकीट घालणे, सरळ जात असल्याची हाताने खूण करणे, हे सर्व करून झाले आहे. खूण बहुधा कोणाला कळत नसावी. चौकापूर्वी डाव्या मार्गिकेच्या मध्यभागी आलो, तर मागून हॉर्नचा भडिमार होतो, मात्र कोणी कापून जात नाही. चौकावरून जाणाऱ्या उड्डाणपुलावर चढ आणि वाहनांचा वेग यांमुळे सायकल न्यायची नाही, आणि वेळही बदलता येत नाही.

अशा चौकातून नियमित सायकल चालवणाऱ्यांनी कृपया सांगावे: मार्गिकेच्या मध्यभागी चौकाच्या साधारण किती मीटर आधी यावे, आणि सिग्नल लाल असताना बसच्या मागेच थांबावे की पुढे जाऊन चालकाला दिसेल असे उभे राहावे?