बँकॉक ते चिआंग माई : खालचाच बर्थ घ्या

बँकॉकहून चिआंग माईला रात्रीच्या रेल्वेने जायचं, तर दोघांसाठी फर्स्ट क्लास घ्यावा का? दार लावून निवांत झोपायचं असेल तर जरूर घ्या, पण एसी सेकंड स्लीपर अगदी पुरेसा आहे. त्यात खालचा बर्थ थोडा महाग, तरी तोच घ्या. तो वरच्यापेक्षा चांगलाच रुंद असतो आणि खिडकीही त्यालाच मिळते. रात्री अटेंडंट येऊन समोरासमोरच्या सीटा जोडतो, गादी-चादर घालतो आणि पडदा लावतो. एसी मात्र कडक, स्वेटर हाताशी ठेवा.

तिकीट थाई रेल्वेच्या डी-तिकीट साइटवरच काढा; एजंट वर कमिशन लावतात. आणि जुन्या ब्लॉगांवर विसंबून हुआ लाम्फोंग या बँकॉकच्या जुन्या स्टेशनला जाऊ नका! जानेवारी 2023 पासून ही गाडी क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनातून सुटते.