रात्री एलईडी पट्टीचा रंग कोणता ठेवावा?

कंदील_८: झोपायच्या खोलीत आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी पट्टी आहे. निळा टाळायचा म्हणून रात्री जांभळा किंवा हिरवा ठेवला, तरी झोप लांबते. चुकतंय कुठे? आणि हीच पट्टी लालवर ठेवली तर गुडघेदुखीला उपयोग होईल का?

तरंगलांबी: जांभळ्यातच निळा आहे. या पट्टीत जांभळा दिवा वेगळा नसतो. लाल आणि निळा एकत्र पेटतात, जांभळा आपल्याला दिसतो. त्यातला निळा साधारण ४६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. शरीराच्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असं कळवणाऱ्या दृष्टिपटलातल्या पेशींत मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असतं आणि ते ४८० च्या आसपासच्या प्रकाशाला सर्वात जास्त दाद देतं. हिरवा ५२५ च्या जवळपास, म्हणजे तोही पुरता सुटत नाही. डोळ्यांना शांत वाटणं हा निकषच नव्हे.

प्रत्येक रंगाच्या ०-२५५ च्या मापात (२५५ म्हणजे पूर्ण) लाल २५५, हिरवा ४०-५०, निळा ० ठेवा. नारिंगी येईल. तयार ‘वॉर्म व्हाइट’ बटण वापरू नका, तीन रंगांच्या पट्टीत तो पांढरा निळा मिसळूनच होतो.

मंदप्रकाश: रंगाइतकंच उजेडाचं प्रमाण महत्त्वाचं. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा अशी: दिवसा डोळ्यापाशी किमान २५० मेलानोपिक लक्स, झोपेआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, झोपेत १. हे साध्या लक्समीटरवरचे (उजेड मोजायच्या यंत्रावरचे) आकडे नव्हेत, मेलानोप्सिनला कोणती तरंगलांबी किती जाणवते याचा हिशेब त्यात धरलेला असतो. पट्टी पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून लावा. उघडे दिवे थेट दिसत असतील तर नारिंगीचाही फायदा कमी होतो.

अगदी मंद केल्यावर स्वस्त कंट्रोलर दिवे भराभर चालू-बंद करतो. पट्टीच्या उजेडात पेन वेगाने हलवा. तुटक तुटक पेनं दिसली तर लुकलुक आहे, काहींचं डोकं त्यानेच दुखतं. मंद करण्यापेक्षा पट्टीची लांबी कमी करा, नाहीतर जास्त फ्रिक्वेन्सीचा कंट्रोलर घ्या.

मात्रा_मोजा: गुडघ्याला नाही. प्रकाशाच्या उपचारात ६३०-६६० किंवा ८१०-८५० नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेजवळून, मोजून देतात. उदाहरणार्थ, चौरस सेंटीमीटरला २५ मिलिवॉट, २४० सेकंद म्हणजे ६ ज्यूल. पट्टीचा उजेड चहूकडे पसरतो, मीटरभरावर नावापुरता उरतो. आणि जास्त वेळ दिला म्हणून जास्त गुण येत नाही, मात्रा वाढली की परिणाम उलट घटतोही.

घरच्या निळ्या दिव्याने बाळाची कावीळ उतरवायला तर मुळीच जाऊ नका. तिथे ४६०-४९० नॅनोमीटरचा मोजलेला तीव्र प्रकाश लागतो, बाळाचे डोळे झाकावे लागतात आणि रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

कंदील_८: मग ब्लू-कट चष्मा?

तरंगलांबी: पारदर्शक काच ४८० च्या आसपासचा प्रकाश जेमतेम अडवते. गडद नारिंगी काच अडवते, पण ती लावण्यापेक्षा पट्टी बदलणं सोपं.