नवाहो मुलखात जाण्याआधी काय माहीत असावं?

वाटसरू
सप्टेंबरमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सहून गाडीने मॉन्युमेंट व्हॅली आणि कॅन्यन द शे बघायचा बेत आहे. नुसते खडक बघून परतायचं नाही. हे लोक कोण, बोलतात काय, आपण काय सांभाळावं? गालिचाही घ्यायचाय, अस्सल कसा ओळखतात?

पिवळा_मका
नवाहो ही अमेरिकेच्या नैऋत्य भागातली मूलनिवासी जमात; ते स्वतःला दिने म्हणवतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा मिळून सुमारे ७१,००० चौ. किमी मुलूख, राजधानी विंडो रॉक. सरकार, न्यायालयं, पोलीस त्यांचे स्वतःचे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारोंना पायी चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. तिथलं पाणी खारट, मका किडीने खाल्लेला. उपासमारीने आणि रोगाने माणसं गेली. १ जून १८६८ च्या तहानंतर ते आपल्याच भूमीत परतले. असं भाग्य फार थोड्या जमातींना लाभलं.

प्रवासात घोळ होतो तो घड्याळाचा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो करतात, आणि त्यांच्या मुलखाने वेढलेली होपी ही दुसरी जमात करत नाही. म्हणजे सप्टेंबरात मॉन्युमेंट व्हॅली फिनिक्सच्या एक तास पुढे. मोबाईल जो टॉवर पकडेल त्याची वेळ दाखवतो. म्हणून वाटाड्याशी बोलताना कुठली वेळ ते आधी विचारा. कॅन्यन द शे या दरीच्या तळाशी आजही कुटुंबांची शेतं आहेत. तिथे फिरायला अधिकृत वाटाड्या लागतो. दारू बाळगायला बंदी आहे. माणसांचे आणि घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

उच्चारक
भाषेबद्दल. तिचे नातलग अलास्कात आणि पश्चिम कॅनडात आहेत; जवळची बहीण अपाची. स्वर चारच, पण प्रत्येकाला ऱ्हस्व-दीर्घ, नाकातला-साधा आणि वर उंच-खालचा सूर. सुराने अर्थ बदलतो. एक ‘ल’ असा आहे की जीभ ‘ल’च्या जागी ठेवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची, कंठातून आवाज न काढता.

सगळी गंमत क्रियापदात. वस्तू देणं-घेणं, ठेवणं, पडून असणं यांचं क्रियापद वस्तूच्या आकारावर ठरतं: भरीव गोळा, ताठ लांब काठी, लवचीक दोरी, कागदासारखं पातळ, उघड्या भांड्यातलं, चिखलासारखं. ‘बेएसो’ म्हणजे पैसा. गोळ्याचं क्रियापद लावलं तर नाणं, पातळ वस्तूचं लावलं तर नोट. चुकीचं लावलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसरीच वस्तू येते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले नवाहो जवान जे सांकेतिक संदेश धाडत, ते म्हणजे साधी नवाहो नव्हे. १९४२ मध्ये पहिल्या २९ जणांनी त्यावर वेगळा शब्दसंच रचला. तो न शिकलेल्या नवाहोलाही संदेश कळत नसे.

आजोळ
ओळख करून देताना चार कुळं सांगतात: आधी आईचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, शेवटी वडिलांच्या वडिलांचं. मूल आईच्या कुळाचं. आपल्या किंवा वडिलांच्या कुळात लग्न करत नाहीत. आपल्याकडे गोत्र बापाकडून येतं, इथे उलट. घर आणि मेंढ्याही बहुतेक बायकांच्या. म्हणूनच १९३० च्या दशकात सरकारने जमिनीची धूप थांबवायला कळप सक्तीने कमी केले, तेव्हा घाव थेट बायकांच्या मिळकतीवर बसला. आजही वडीलधाऱ्यांना ते विसरता येत नाही.

वाटसरू
होगनमध्ये, म्हणजे त्यांच्या पारंपरिक घरात, बोलावलं तर?

आजोळ
दार पूर्वेला असतं. आत शिरून डावीकडे वळायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचं. मृत्यूचे विषय काढू नका. कायोटीच्या (कोल्ह्यासारखा प्राणी) गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, सप्टेंबरात आग्रह नको.

उभा_माग
गालिचा. नवाहो पाळतात त्या चुरो जातीच्या मेंढीची लोकर लांब धाग्याची आणि कमी तेलकट, त्यामुळे थोड्या पाण्यात धुऊन कातता येते. कोरड्या मुलखात याला मोल आहे. माग उभा असतो. ताण्याचा (उभा) धागा न कापता सलग वर-खाली नेतात, म्हणून चारही कडा विणतानाच पुऱ्या होतात. बाणा (आडवा धागा) हातानेच ओवून लाकडी फणीने ठोकतात.

आता परीक्षा. गालिचाच्या आखूड बाजू चिमटीत धरा. नक्कल बहुधा सलग ताण्याची नसते: कापलेली टोकं आत ओवून लपवलेली असतात, तिथे कड जाड लागते. लांब कडेला ताण्याचे दोन-तीन धागे एकत्र जाड झाले असतील तर तेही नकलेचंच लक्षण. पार्श्वभूमीवर तिरकी पुसट रेघ दिसली तर दोष समजू नका. विणणारी एका जागी बसून तुकड्यातुकड्याने विणते, त्याचा तो सांधा. झालर असलेला बहुधा दुसरीकडचा, पण जर्मनटाउन नावाच्या गिरणीच्या सुताच्या काही जुन्या गालिच्यांना मागाहून झालर लावलेली असते, तेवढं ध्यानात ठेवा. विणणारीचं नाव आणि गाव विकणाऱ्याकडून लिहून घ्या.