गावच्या वाचनालयात मोठ्या लिस्टेड कंपन्यांची ओळख करून द्यायची आहे, सुरुवात कुठून करावी?

मिऱ्याबंदर:
रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा तासाभराचं सत्र सुरू करायचं ठरलंय. विषय आहे शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्या: त्या करतात काय आणि कमावतात कशा. येणाऱ्यांत आंबा-काजू बागायतदार, बचत गटातल्या ताया, निवृत्त शिक्षक आणि मच्छीमार सोसायटीतली तरुण मुलं आहेत. बऱ्याच जणांची डीमॅट खाती घरातल्या मुलांनी मोबाइलवर उघडून दिलीत, पण कंपनीत नेमकं बघायचं काय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ‘हे घ्या, ते विका’ असलं काही सांगायचं नाही. कोणत्या कंपन्या घ्याव्यात, एका सत्रात किती, आणि लोक हमखास कुठे अडखळतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

वहीखाते:
आधी ‘शेअर’ या शब्दाचा गोंधळ मिटवा. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे पतसंस्थेचा किंवा सहकारी बँकेचा शेअर असतोच. तो परत केला की दर्शनी मूल्यच मिळतं, शेअर कितीही असले तरी मत एकच, आणि सहकार कायद्याच्या कलम ६७ नुसार लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. लिस्टेड कंपनीत तसं नसतं. शेअर परत करायचा नसतो, दुसऱ्याला विकायचा असतो. भाव रोज बदलतो, मतं शेअरच्या संख्येवर, आणि लाभांश द्यायलाच हवा असं बंधन नाही. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलंत तर पुढचं निम्मं काम हलकं होईल.

मग किराणा दुकानातल्या वस्तू टेबलावर मांडा आणि कुठली कंपनी बाजारात आहे ते ओळखायला सांगा. सर्फ एक्सेल हिंदुस्तान युनिलिव्हरचं, लिस्टेड. मॅगी नेस्ले इंडियाची, लिस्टेड. ब्रिटानिया लिस्टेड, पण पार्ले-जी बनवणारी पार्ले प्रॉडक्ट्स नाही. अमूल सहकारी संघ, त्याचा शेअर बाजारात मिळत नाही. फेविकॉल पिडिलाइटचं, लिस्टेड. मुलांसाठी मच्छीमारीचं जाळं ठेवा: गरवारे टेक्निकल फायबर्स लिस्टेड आहे. ती काही महाकाय कंपनी नव्हे, पण जाळं हातात घेतलं की मुलं बोलायला लागतात. नाव घरोघरी आहे म्हणजे शेअर मिळतोच असं नाही, हे इथेच पटतं.

दुसरा अडथळा ‘महाग शेअर म्हणजे मोठी कंपनी’ हा. बागेची किंमत एका आंब्याच्या भावावरून ठरत नाही, फळं किती तेही मोजावं लागतं. टायर बनवणाऱ्या एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये पहिल्यांदा एक लाख रुपयांवर गेला, पण कंपनीचे एकूण शेअर जेमतेम ४२.४ लाख. गुणाकार केला की सुमारे ४२,४०० कोटी. एलआयसीचे शेअर सरकारने मे २०२२ मध्ये विकले ते ९४९ रुपयांना, पण तिचे एकूण शेअर सुमारे ६३२.५ कोटी, म्हणजे त्या भावाने कंपनीची किंमत ६ लाख कोटींच्या घरात. हा गुणाकार लोकांकडून करून घ्या, तुम्ही उत्तर सांगू नका. जोडीला हेही सांगा की पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट असूनही पहिल्याच दिवशी, १७ मे २०२२ ला, बीएसईवर (मुंबई शेअर बाजारात) तो शेअर ८६७.२० ला उघडला. कंपनी मोठी आणि ओळखीची होती, तरी नोंदणीच्या दिवशी भाव चढेलच याची हमी नव्हती.

लार्ज कॅप कशाला म्हणायचं याला पक्की व्याख्या आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढे स्मॉल. म्युच्युअल फंडांची संघटना अँफी ही यादी वर्षातून दोनदा काढते.

खाडीपट्टा:
वहीखातेंशी सहमत. माझी सूचना: एका सत्रात एकच कंपनी. चाळीस मिनिटं ओळख, वीस मिनिटं प्रश्न. पाच-सहा कंपन्या कोंबल्यात तर लोकांच्या लक्षात फक्त भाव राहतात.

पहिली कंपनी लोकांना रस्त्यावरून दिसणारी घ्या. रनपार-गोळपची फिनोलेक्स इंडस्ट्रीज सगळ्यांना ठाऊक आहे. पावसला जाताना प्रकल्प दिसतो, बागेत पाइप तिचाच असतो. पण कमाई कशी होते ते सांगा. कंपनी पीव्हीसी रेझिन बनवते, त्यासाठी ईडीसी, व्हीसीएम, इथिलीन हा कच्चा माल जहाजाने येतो, आणि तेच रेझिन वापरून पाइप होतात. म्हणजे जगातला पीव्हीसीचा भाव, कच्च्या मालाचा भाव आणि डॉलर हे तिन्ही नफ्यावर थेट बसतात. पीव्हीसी उतरायला लागला की पाइपचे डीलर आणखी स्वस्त होईल म्हणून माल उचलत नाहीत, आणि गोदामातल्या जुन्या महाग मालावरही तोटा येतो. मार एकाच वेळी दोन्हीकडून. शेतीच्या पाइपची विक्री पावसाळ्याआधी जोरात असते, म्हणून जुलै-सप्टेंबर तिमाहीची तुलना एप्रिल-जूनशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरशी करायची. बागायतदाराला हे एका वाक्यात कळतं. आणि फिनोलेक्स केबल्स ही वेगळी लिस्टेड कंपनी आहे, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

नावांचा असाच घोळ जेएसडब्ल्यूचा. जयगडचा १,२०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प जेएसडब्ल्यू एनर्जीचा. जयगड बंदर जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरचं, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये लिस्ट झाली. पेणजवळच्या डोलवीचा पोलाद कारखाना जेएसडब्ल्यू स्टीलचा. तीन कंपन्या, तीन वेगळे धंदे, तीन वेगळे ताळेबंद. बंदराच्या कंपनीला बराच माल आपल्याच समूहाकडून येतो, म्हणून अहवालातली ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप शिकवायला ते उत्तम उदाहरण.

अलिबागजवळ थळला आरसीएफ, सरकारी खत कंपनी. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६.५० रुपयांना मिळते आणि हा भाव कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. खर्च आणि विक्रीतला फरक अनुदानातून येतो. त्यामुळे युरियाच्या बाबतीत ‘विक्री किती वाढली’ यापेक्षा नैसर्गिक वायूचा भाव काय आणि सरकारकडून येणं किती थकलंय, हे आधी बघायचं. कंपनीत ७५ टक्के मालकी केंद्र सरकारची.

कोकण रेल्वे लिस्टेड नाही, लोट्याची घरडा केमिकल्सही नाही. या दोन्हींबद्दल हमखास विचारतील. त्यांचे ‘अनलिस्टेड शेअर मिळवून देतो’ म्हणणारा कुणी भेटलाच तर सावध राहायचं, हे त्याच बैठकीत सांगून टाका.

एक काळजी मात्र घ्या. प्रकल्प आपल्या तालुक्यात आहे हे कंपनी समजून घ्यायला सोयीचं, पैसे लावायला कारण नव्हे. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात देशभरच्या कंपन्यांकडे वळा. शिक्षकांसाठी स्टेट बँक, टेम्पोवाल्यांसाठी महिंद्रा, आणि टीसीएस.

वहीखाते:
निकाल वाचायचा एक नमुना देतो, तो छापून वाटा. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका, निकाल आणि वार्षिक अहवाल दोन्ही तिथेच फुकट मिळतात. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत यावा लागतो, वर्षाचा लेखापरीक्षित निकाल ६० दिवसांत.

कागद उघडला की आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात बघा: आकडे लाखांत की कोटींत? इथे चुकलात तर शंभरपट चुकता. मग ‘स्टँडअलोन’ (एकट्या कंपनीचे) की ‘कन्सॉलिडेटेड’ (उपकंपन्या धरून) ते पाहा. रिलायन्सचं नुसतं स्टँडअलोन वाचलं तर जिओ आणि रिटेल त्यात येतच नाहीत. पुढे ‘एक्सेप्शनल आयटम’ ही ओळ. जमीन किंवा हिस्सा विकून आलेला नफा इथे दिसतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा येणार नाही. शेवटी ‘सेगमेंट’चं, म्हणजे धंद्यानुसार विक्री-नफ्याचं पान. हे पान माझ्या मते सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं. आयटीसीचं काढून दाखवा: बिस्किटं, आटा, वह्या दुकानभर दिसतात, पण नफ्याचा मोठा वाटा अजून सिगारेटचा. आपल्याला दिसतं ते आणि कंपनीला पोसतं ते वेगळं असू शकतं.

वार्षिक अहवालात मी लोकांना एकच हिशोब करायला लावीन. पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज, आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेल्या रोख रकमेची बेरीज. दुसरी बेरीज पहिलीपेक्षा सतत बरीच कमी असेल तर उधारी किंवा साठा फुगतोय, कारण शोधा. हा हिशोब बँकांना लावू नका, त्यांचा धंदाच पैशाचा आहे. बँकेत बघायचं ते बुडीत कर्जाचं प्रमाण, त्यासाठीची तरतूद, आणि चालू-बचत खात्यांतल्या स्वस्त ठेवींचा वाटा.

पण रोखीचा आकडाही खोटा असू शकतो. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत बँकेतली शिल्लकच बनावट निघाली, ७ जानेवारी २००९ ला ते उघड झालं, आणि तेव्हा ती सेन्सेक्स आणि निफ्टी या निवडक मोठ्या कंपन्यांच्या दोन्ही निर्देशांकांत होती. युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, येस बँक याही कधी ना कधी निफ्टीत होत्या. म्हणून ‘निफ्टीतली आहे म्हणजे बिनधास्त’ हे वाक्य सत्रात कुणाच्या तोंडून आलं तर तिथेच थांबून ही नावं वाचून दाखवा.

रापण:
नियमांचं थोडक्यात, पण हे टाळू नका. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात म्हटलंय की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून एखाद्या शेअरबद्दल भाकीत किंवा शिफारस करू नये. तुमचं सत्र विनामूल्य असलं तरी ही शिस्त पाळा: जुना अहवाल घ्या, जुने भाव घ्या, ‘पुढे किती जाईल’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका.

सल्ला विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागायला शिकवा. संशोधन विश्लेषकाचा आयएनएच ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही असतात, म्हणून सेबीच्या संकेतस्थळावर क्रमांकासमोरचं नाव आणि फोन जुळतो का तेही बघायचं. मोठ्या कंपनीचं नाव घेऊन ‘आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) कोट्यातून स्वस्त शेअर’ देणारे व्हॉट्सअँप ग्रुप आणि त्यांची खोटी अँप्स यांत नफा फक्त पडद्यावर दिसतो. पैसे काढायला गेलं की आधी ‘कर भरा’ म्हणतात. शेअर खरंच घेतलेत का हे ब्रोकरच्या अँपवर न बघता सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या एकत्रित विवरणात बघायची सवय लावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मिऱ्याबंदर:
फार मोलाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. फिनोलेक्सनेच सुरुवात करतो. दोन शंका राहिल्या. एलआयसी एवढी मोठी, तर निफ्टीत का नाही? आणि ‘बोनस मिळाला आणि भाव निम्मा झाला, फसवलं’ असं एक काका म्हणतात, त्यांना काय सांगू?

वहीखाते:
निफ्टीत बाजारात खरोखर फिरणारे शेअरच मोजतात. एलआयसीचा ९६.५ टक्के हिस्सा सरकारकडे, फिरणारा भाग अगदी थोडा, त्यामुळे मोजणीत ती लहान पडते. याच मोजणीमुळे निफ्टीच्या पन्नासांत बँका-वित्त कंपन्यांचा वाटा एक-तृतीयांशाच्या आसपास असतो, हेही सांगा. निफ्टीचा इंडेक्स फंड (त्याच पन्नास कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे लावणारा फंड) घेणारा प्रत्यक्षात काय घेतोय ते त्याला कळायला हवं. ज्यांना अहवाल वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी मला तरी तोच रास्त मार्ग वाटतो.

काकांना आकडे मांडून दाखवा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. दहा शेअरचे वीस झाले आणि २८ तारखेला भाव निम्म्याने समायोजित झाला. एकूण किंमत तीच. तसंच २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा रिलायन्सचा भाव त्या हिश्श्यापुरता, शेअरमागे २६१.८५ रुपये, कमी धरला गेला आणि प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर नंतर खात्यात आला. लाभांशाच्या टक्केवारीतही असंच फसायला होतं. ‘५०० टक्के’ हे दर्शनी मूल्यावर असतात. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर हातात १० रुपये, आणि भाव १,००० असेल तर तो परतावा १ टक्का.

खाडीपट्टा:
खर्चाचंही सांगा, कारण एक-एक शेअर घेणाऱ्यांना तोच बोचतो. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर. विकताना प्रत्येक कंपनीमागे डीपी (डीमॅट खात्याच्या सेवेचं) शुल्क, ब्रोकरप्रमाणे साधारण १५ ते २० रुपये. ३०० रुपयांचा एक शेअर विकला तर पाच टक्के तिथेच गेले. खात्यात ४ लाखांपर्यंतच शेअर असतील आणि बीएसडीए (लहान गुंतवणूकदारांसाठीचं साधं डीमॅट) प्रकारचं खातं असेल तर वार्षिक देखभाल शुल्क शून्य, पण एका व्यक्तीला असं एकच खातं मिळतं. कर २३ जुलै २०२४ पासून असा: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, नंतर विकलं तर आर्थिक वर्षातल्या १.२५ लाखांच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के.

आणखी एक. गणपतीला चाकरमानी गावी आले की ट्रंकेतली जुनी कागदी सर्टिफिकेटं नक्की निघतील. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकत देता येत नाहीत, पण वारसाहक्काने नाव लावता येतं. सर्टिफिकेटवरच्या रजिस्ट्रारचं (शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं) नाव बदललेलं असू शकतं, म्हणून चालू नाव कंपनीच्या ताज्या वार्षिक अहवालातून घ्या. फोलिओ क्रमांक देऊन आधी विचारा की शेअर अजून फोलिओत आहेत की आयईपीएफकडे, म्हणजे न घेतलेले लाभांश आणि शेअर जमा होतात त्या सरकारी निधीकडे गेले. सात वर्षं सलग लाभांश घेतला नसेल तर गेलेले असतात. गेले असतील तर कंपनीकडून हक्कपत्र, मग आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन, आणि त्याच्या सही केलेल्या प्रती कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे. आधार, पॅन, सर्टिफिकेट आणि बँक खातं या चारही ठिकाणी नाव एकसारखं आहे का ते आधी तपासा. सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव आणि आधारवर सासरचं, बहुतेक अर्ज इथेच परत येतात. गॅझेटची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच अर्जाला जोडायला सांगा.